बसलेले, उभे आणि गैरहजर

राजाबाई टॉवरचा, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा, कुठला ना कुठला जुना फोटो वरचेवर व्हॉट्सॲपवर येत असतो. पुढे ओव्हलचं मैदान, मागे टॉवर, कोपऱ्यात एखादी व्हिक्टोरिया घोडागाडी. कधी टॉवरच्या माथ्यावरून पश्चिमेकडे टिपलेलं दृश्य असतं. त्यात रेल्वेच्या रुळांपलीकडे थेट समुद्र लागतो, कारण बॅकबेचा भराव अजून पडायचा असतो आणि मरीन ड्राइव्ह कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: 'काय मुंबई होती!', 'गेले ते दिवस.' फोटो देखणे असतात यात वाद नाही. पण त्यांच्यावर 'मुंबई विद्यापीठाचा इतिहास' असं लेबल चिकटवलं जातं तेव्हा मला हरकत घ्यावीशी वाटते. त्या फोटोंत इमारत दिसते, विद्यापीठ कुठे दिसतं?

तारखा पाहा. विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. पहिले चार पदवीधर बाहेर पडले १८६२ साली: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. तेव्हा टॉवरचा पायाही खणला नव्हता. तो घातला गेला १८६९ मध्ये, आणि काम पुरं झालं १८७८ च्या नोव्हेंबरात. शेजारचं पदवीदान सभागृह १८७४ चं, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. दोन्हींचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडमध्ये बसून रेषा ओढत होते, मुंबईत त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नाही. म्हणजे विद्यापीठाची पहिली पिढी शिकून, पास होऊन, नोकरीधंद्याला लागून केसांत पांढरं दिसू लागेपर्यंत या टॉवरचं घड्याळ काही वाजलेलं नव्हतं. शिवाय सुरुवातीची कितीतरी वर्षं विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई, बस्स. शिकवण्याचं काम चाले कॉलेजांत: एल्फिन्स्टन, विल्सन, ग्रँट मेडिकल, पुढे सेंट झेवियर्स.

प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने टॉवरला देणगी दिली, आईला दिसत नव्हतं, घंटेवरून तिला वेळ कळायची, ही गोष्ट मुंबईतलं शाळकरी पोरही सांगेल. त्या चौघांपैकी मोडक आणि वागळे कोण, हे एखाद्या पदवीधराला विचारून बघा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मुंबईतल्या प्रत्येक जुन्या कॉलेजाच्या माळ्यावर, स्टोअररूममध्ये, जिमखान्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षांचे ग्रुप फोटो पडून आहेत. विद्यापीठाचा खरा सचित्र इतिहास तो आहे. हे फोटो, त्यांच्याखालच्या नावांसकट, कॉलेजांनी सर्वांना खुले केले पाहिजेत. आणि त्यातले चेहरे ओळखणारी माणसं हयात आहेत तोवर केले पाहिजेत. यातली बहुतेक कॉलेजं सरकारी किंवा अनुदानित आहेत. त्यांच्या भिंतींना लागलेला रंग लोकांच्या पैशातून येतो, मग भिंतीवरचे फोटोही लोकांचेच.

जुन्या फोटोंतली मुंबई इतकी रिकामी, शांत, 'सुंदर' का दिसते, याचंही एक कारण आहे आणि त्याचा शहराच्या संस्कृतीशी काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ओल्या काचेवर फोटो काढत. काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि काही सेकंद भिंग उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात जे हललं नाही ते उमटलं. दगड हलला नाही, म्हणून दगड उमटला. हमाल, भिस्ती, परीक्षेला धावणारा विद्यार्थी हे सगळे एक तर पुसट ढगासारखे उरले किंवा उरलेच नाहीत. आपण ज्याला गर्दी नसलेली मुंबई म्हणून उसासे टाकतो, ती पुष्कळदा काचेने गर्दी वगळलेली मुंबई असते.

गंमत म्हणजे या शहरात फोटोग्राफी आणि उच्च शिक्षण जवळजवळ हातात हात घालून आले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, विद्यापीठाहून तीन वर्षांनी थोरली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, ग्रँट मेडिकलमध्ये शिकलेले, स्वतः कॅमेरा चालवत. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि पुढे शहरातले नावाजलेले फोटोग्राफर झाले. म्हणजे इथे विद्यापीठ निघण्याआधी कॉलेजात कॅमेरा आला होता, आणि तो देशी माणसांच्या हातात होता. 'तेव्हा कॅमेरेच कुठे होते?' हे निमित्त निदान मुंबईने तरी सांगू नये.

कॅमेरे होते, पण ते माणसाकडे कसे बघत होते? विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली दोन खंड प्रसिद्ध केले, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे. फोटो अप्रतिम आहेत. पण माणसं एकीकडे उभी करून टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हमधून जोडलेला. ज्याचा फोटो आहे त्याचं नाव महत्त्वाचं नाही, जात महत्त्वाची. हीच नजर पुढे दगडात उतरली. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. ते घडवण्यामागे मुकुंद रामचंद्र हे देशी अभियंते होते, आणि कारागिरी बघत राहावी अशीच आहे. पण हे लोक विद्यापीठाच्या इमारतीवर आहेत ते नमुना म्हणून. त्यांच्या जातभाईंपैकी कितीजणांना त्या दिवसांत आतल्या वाचनालयात बसता आलं असतं, हा प्रश्न खाली रस्त्यावर उभं राहून वर बघताना पडल्याशिवाय राहत नाही.

ग्रुप फोटो या नजरेच्या बरोबर उलट वागतो. तो दिसायला अगदीच कंटाळवाणा असतो. तीन ओळी: खाली सतरंजीवर बसलेले, मध्ये खुर्च्यांवर बसलेले, मागे बाकावर उभे. सगळ्यांचे हात ठरल्या जागी, कुणी हसत नाही. कलेच्या दृष्टीने त्यात घेण्यासारखं काही नाही, म्हणूनच कॉफी टेबल पुस्तक काढणाऱ्यांना तो नको असतो. पण त्याच्याखालच्या पुठ्ठ्यावर, डावीकडून उजवीकडे, एकेका माणसाचं नाव असतं.

माझ्यासमोर असा एक फोटो आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तो मला ज्या अवस्थेत बघायला मिळाला त्याची त्यांना लाज वाटायला हवी आणि ती एकट्या त्यांची नाही. पन्नासच्या दशकातलं मराठी वाङ्मय मंडळ. मधल्या ओळीत प्राचार्य, दोन्ही बाजूंना प्राध्यापक. टोकाच्या खुर्च्यांवर दोन मुली, नऊवारी नाही, पाचवारी, पदर दोन्ही खांद्यांवरून. मागच्या ओळीत एका मुलाचा कोट त्याच्या मापाचा नाही. बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत, बहुधा शेजारच्या खोलीतून मागून आणला असावा. खाली छापलेलं: 'खुर्चीवर बसलेले', 'उभे, पहिली रांग', 'उभे, दुसरी रांग'. मुलींच्या नावामागे 'कु.' आहे. दुसऱ्या रांगेतली तीन नावं कसरीने खाल्ली आहेत. अगदी डावीकडे, चौकटीला खेटून, खाकी डगल्यात मंडळाचा शिपाई उभा आहे आणि त्याच्यासाठी छापलंय: 'पांडू'. आडनाव नाही, वडिलांचं नाव नाही. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, 'गैरहजर', आणि तिच्यात एका चिटणिसाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासह. जो फोटोत नाही त्याचं नाव तिन्ही पदरी, आणि जो उन्हात उभा राहिला तो पांडू. त्या काळच्या कॉलेजबद्दल एवढ्या कमी जागेत एवढं सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही.

फोटोत सगळे समान दिसतात असं मी म्हणत नाही. कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर, कोण चौकटीच्या कडेला, हे सगळं त्यात आहे. म्हणून तो इतिहास आहे.

मुलींच्या नावांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे आणि तो आपल्याकडे खास आहे. मराठी घरांत लग्नानंतर मुलीचं आडनाव तर बदलेच, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलून टाकत. तांदळाच्या ताटात नवऱ्याने नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरच्या दोन-चार माणसांच्या तोंडी उरे. आता समजा एखादी नात आजीचा शोध घेते आहे. तिला माहीत आहे की आजी मुंबईत कॉलेजात होती, इंटरपर्यंत का बीएपर्यंत याची खात्री नाही. तिच्या लेखी आजीचं नाव सुमती. फोटोखाली छापलंय कु. द्वारका. कॉलेजच्या रजिस्टरमध्येही द्वारकाच. नात जन्मभर नावांच्या याद्या चाळत बसली तरी आजी सापडणार नाही. पण फोटो समोर आला की एका क्षणात सापडेल, कारण हनुवटी तीच आहे. नाव आणि चेहरा असे दोन्ही एका कागदावर असलेली नोंद या बायकांच्या बाबतीत जवळजवळ एकच, ती म्हणजे हा ग्रुप फोटो. एसएनडीटी महिला विद्यापीठ १९३६ मध्ये पुण्याहून मुंबईत आलं, त्यानंतर किती मुली या शहरात शिकल्या! त्यांच्यातल्या पुष्कळजणी आज त्यांच्याच घरात दुसऱ्या नावाने ओळखल्या जातात.

नाव लागणं आणि न लागणं यात किती फरक पडतो हे छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या उदाहरणावरून कळतं. त्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. तिथल्या मैत्रिणींचे, विशेषतः रेहाना मोगल या वर्गमैत्रिणीचे, त्यांनी काढलेले फोटो आज जगभरच्या प्रदर्शनांत लागतात: तीसच्या दशकाच्या अखेरीची मुंबईची कॉलेजकन्यका, मोकळी, स्वतःच्या तंद्रीत. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून येत ते नवऱ्याच्या, माणेकशॉ यांच्या नावाने. बाईंना दीर्घायुष्य लाभलं, २०१२ पर्यंत त्या होत्या, संग्रह त्यांनी जपला आणि शेवटी जाणत्या हातांत सोपवला, म्हणून आज फोटो काढणारीचं नाव आपल्याला ठाऊक आहे आणि फोटोतलीचंही. ही सगळी नशिबाची साखळी आहे. यातली एक कडी निसटली असती तर खाली छापलं गेलं असतं: 'मुंबईतील एक तरुणी'.

बाबासाहेब आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला १९१६-१७ चा फोटो वस्त्यावस्त्यांतून, विहारांतून लावलेला दिसतो. तोही मुळात एक साधा ग्रुप फोटो आहे, प्राध्यापक आणि विद्यार्थी ओळीने उभे-बसलेले. त्या संस्थेने असे कितीतरी काढले असतील. त्यातल्या एका चेहऱ्याला नाव लागलं आणि तो कागद लाखो घरांचा झाला. हेच बाबासाहेब त्याआधी एल्फिन्स्टनचे विद्यार्थी होते, मग सिडनहॅममध्ये प्राध्यापक, १९३५ पासून गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य, आणि १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढलं. सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग होते. दिवसा कारकुनी करणारी, गोदीत, टपालात, रेल्वेत नोकरी करणारी मुलं तिथे शिकली. बाबासाहेबांचे त्या काळातले फोटो आपण जपले आहेत आणि ते योग्यच. पण त्यांच्या आजूबाजूला जे उभे आहेत ते कोण? घरातले पहिले पदवीधर होते ते. कुणी सोलापूरहून आलेला, कुणी कोकणातून, कुणी बीडीडी चाळीतून. त्यांची नावं आज लावली नाहीत तर उद्या ते 'बाबासाहेबांसोबत विद्यार्थी' एवढेच उरतील.

मुंबईला एक कॉलेजगाव आहे, आणि ते फोर्टात नाही. ते माटुंग्यात आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि त्या सरळ रस्त्यांवर एकेक संस्था येत गेली. अभियांत्रिकीची व्हीजेटीआय १९२३ मध्ये आली, १९३७ मध्ये खालसा आणि रुईया, १९४१ मध्ये पोदार, आणि १९४३ मध्ये रसायन तंत्रज्ञानाची यूडीसीटी, आताची आयसीटी. रुईया नाक्यावरून पाचही ठिकाणी चालत जाता येतं. लालबाग-परळची, गिरगावची, पुढे डोंबिवली-ठाण्याची मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या इथे उतरत आली. पण 'जुनं माटुंगा' शोधलंत तर किंग्ज सर्कल आणि फाइव्ह गार्डन्स मिळतात, इराणी हॉटेलं मिळतात, ट्राम मिळते. नाक्यावर उभी राहणारी मुलं मिळत नाहीत. ती आहेत, आतल्या कपाटांत आहेत, नाटकाच्या चषकांच्या मागे, धूळ खात.

आणि कपाटांत तरी सगळं कुठे? ग्रुप फोटोत येण्यासाठी कुठल्या तरी मंडळात असावं लागे, प्रतीचे पैसे भरावे लागत. जो दुपारी शिकवण्या करत होता, जो फी न भरल्याने दुसऱ्या वर्षी गळाला, तो त्यात नाही. हा या फोटोंचा मोठा दोष मला मान्य आहे. त्यावर थोडा उतारा घरांतून मिळेल. पदवी मिळाली की दादर, लालबाग, गिरगावातल्या स्टुडिओत जाऊन झगा आणि चौकोनी टोपी भाड्याने घालून, हातात कागदाची सुरळी धरून फोटो काढायचा, ही एके काळी चाळीतल्या घराची मोठी घटना होती. तो फोटो दाराच्या समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या पंगतीत लागे. विद्यापीठाच्या सगळ्या ग्रंथालयांत मिळून नसतील इतके पदवीधरांचे फोटो अशा भिंतींवर होते. गिरण्या बंद पडल्या, चाळी पुनर्विकासात गेल्या, भिंती पडल्या, आणि २६ जुलै २००५ च्या पाण्यात कित्येक घरांचे आल्बम लगदा होऊन बाहेर आले. उरलेले नव्या फ्लॅटच्या माळ्यावर सुटकेसमध्ये असतील, कारण नव्या भिंतीला टीव्ही लावायचा होता.

आता या सगळ्याला 'एआय रिस्टोअर' नावाचं नवं संकट आलंय. जुना फोटो टाकायचा, दोन मिनिटांत रंगीत आणि लख्ख होऊन परत. टॉवरचा दगड पिवळा निघाला काय किंवा करडा, फारसं बिघडत नाही. पण ग्रुप फोटोत एकेक चेहरा मसुराएवढा असतो. त्यात माहितीच इतकी थोडी असते की यंत्र उरलेलं आपल्या मनाने भरतं: डोळे, भुवया, दात. जे तयार होतं ते कुणाचंही नसतं, आणि दिसतं मात्र मूळ फोटोपेक्षा खरं. नातवंडं तेच फ्रेम करून लावतात. वर सांगितलेली ती हनुवटी, जिच्यावरून नात आजीला ओळखणार होती, तीच बदललेली असते. खेळ म्हणून कुणी करत असेल तर करो बापडा. संस्थांनी मात्र मूळ प्रत जशीच्या तशी, डागांसकट, आधी समोर ठेवावी.

कॉलेजांशी हा विषय काढला की पहिली भीती कायद्याची निघते. 'उद्या कुणी हक्क सांगितला तर?' आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा अमलात आला १९५८ च्या जानेवारीत. त्याआधी काढलेल्या फोटोंना जुन्या कायद्याची मुदत होती, निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं. ती केव्हाच संपली. म्हणजे रुईयाच्या पहिल्या तुकडीचा फोटो असो की सिद्धार्थच्या, तो कुणाच्याही परवानगीशिवाय खुला करता येतो. त्यानंतरच्या फोटोंचं गणित वेगळं, पण तिथेही पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो. आणि स्टुडिओवाल्याला बोलावून पैसे कॉलेजच देत होतं. तेव्हा फोटोवर आडवातिडवा वॉटरमार्क मारून ठेवण्यात कायदा नाही, नुसता सोस आहे.

दुसरी हरकत मला जास्त वजनदार वाटते. फोटोतली माणसं, विशेषतः बायका, हयात असतील आणि आपला विशीतला चेहरा इंटरनेटवर नको असेल तर? आडनावावरून जात कळते, आणि आपला फोटो कुठल्या गठ्ठ्यात पडतोय याची काळजी असणं चुकीचं नाही. म्हणून मी सरसकट सगळं टाका असं म्हणणार नाही. १९७० पर्यंतचं आधी घ्यावं. त्यातले सर्वात धाकटेही आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यापुढचं विचारून करावं. आणि कुणी 'माझा काढा' म्हटलं तर कारण न विचारता काढावा. पण गंमत अशी की ज्यांना विचारायचं त्यांना शोधणार कसं? त्यासाठीही आधी नावं वाचून यादी करावी लागते. ती यादी करायला तर कुणाची हरकत नसावी.

पैसा आणि माणसं ही तिसरी सबब. कॉलेजं फोटोंवर आज किती वेळ घालवतात ते एकदा बघा. नॅकचं, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, मूल्यांकन आलं की प्रत्येक वृक्षारोपणाचा, प्रत्येक व्याख्यानाचा जिओटॅग केलेला फोटो पुरावा म्हणून लागतो. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं कोपऱ्यात छापून येतं. हजारो फोटो गोळा होतात. त्या एकाही फोटोत उभ्या असलेल्या मुलामुलींची नावं नसतात. पन्नासच्या दशकातल्या गरीब वाङ्मय मंडळाने जे केलं ते आपण उपग्रह वापरूनही करत नाही, आणि पन्नास वर्षांनी हे फोटो पाहणाऱ्याला पृथ्वीवरची नेमकी जागा कळेल, माणूस कळणार नाही. नॅकने जुन्या फोटोंच्या नोंदीला चार गुण ठेवले तर माळे कसे भराभर रिकामे होतील ते बघायला मला आवडेल. हे थट्टेने म्हणतोय, पण पूर्ण थट्टेनेही नाही.

माणसांचं म्हणाल तर राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम दाखवावं लागतं. रस्ते झाडून, रॅल्या काढून ते तास भरतात. त्यातले थोडे इथे द्यावेत. काम अवघड नाही, मात्र काळजीचं आहे. मुंबईच्या दमट हवेत जुना फोटो चौकटीच्या काचेला चिकटून बसतो. तो ओढून काढला की चेहरे काचेवर राहतात. चिकटलेला असेल तर तसाच, खिडकीच्या उजेडात, तिरप्या कोनातून काचेवर चमक येणार नाही असा टिपावा. सुटा असेल तर स्कॅन करावा, पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत, कारण नावं तिथे असतात. आजवर मी जे काही 'डिजिटायझेशन' पाहिलंय त्यात फोटो छान कापून घेतलेला आणि नावांची पट्टी उडवलेली, असंच जास्त. पाठीमागची बाजूही घ्यावी, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. मग नावं जशी छापली आहेत तशी उतरवावीत आणि इंग्रजीत असतील तर शेजारी देवनागरीतही लिहावीत, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हीकडून सापडतील. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवायला एक रुपया लागत नाही. मूळ फोटो सांभाळणं झेपत नसेल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, त्यांच्याशी बोलावं. राज्याचं दप्तर आणि राज्यातलं एक सर्वात जुनं कॉलेज एकाच छपराखाली बसतात, मधला जिना चढायचा तेवढा.

आणि दर वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवताच आहात तर ढोकळ्याच्या टेबलाशेजारी एक टेबल या फोटोंचं लावा. सत्तरी-ऐंशीतली माणसं येतात तेव्हा भाषणं ऐकायला येत नाहीत, एकमेकांना बघायला येतात. त्यांच्यापुढे फोटो ठेवून 'हा कोण?' एवढं विचारणारा एक पोरगा आणि एक वही पुरे. ती माणसं नाव सांगतील, त्यावर तो कुठे राहायचा हे सांगतील, पुढे काय झालं तेही. कुणाचं नाव चुकलं म्हणून भांडतील. भांडणासकट उतरवून घ्या.

पांडूसारख्यांची नावं मात्र मेळाव्यात कळणार नाहीत, कारण त्यांना मेळाव्याला बोलावत नाहीत. ती कार्यालयात मिळतील. शिपाई, हमाल, प्रयोगशाळेतला गडी, ग्रंथालयात पुस्तकं काढून देणारा, सगळ्यांचे पगार होत होते, आणि पगारपत्रकावर पूर्ण नाव आणि सही किंवा अंगठा लागतोच. लेखापरीक्षणाची मुदत संपली की ही जुनी पगारपत्रकं कॉलेजं रद्दीत काढतात, सहसा उन्हाळ्याच्या सुट्टीत, रंगकामाच्या आधी. या सुट्टीत ती काढण्यापूर्वी प्राचार्यांनी ग्रंथपालाला बोलावून त्या त्या वर्षीचे ग्रुप फोटो आणि पगारपत्रकं एका टेबलावर ठेवावीत, नावं जुळवून घ्यावीत, आणि मग हवी तर रद्दी द्यावी.